उरलं म्हंजे काय उरलं?

(दृश्य : पहाट. करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. धुराडं. चुलवाणाच्या तोंडाशी जाळ.)

जाळ धरलाय. वाळलेलं चिपाड एकसारखं चुलवाणात सारलं जातंय आणि वर काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला रस अजून निवांत आहे. हिरवट, गढूळ, तोंडाला कोमट वाफ सोडणारा. दसरा झाला की ही चुलवाणं पेटतात आणि उन्हाळा तापेपर्यंत जळत राहतात.

(दृश्य : लाकडी टेबल. वजनाखाली दाबलेला कागद. कॅमेरा जवळ जातो.)

हा कागद प्रयोगशाळेतून आलाय. याच गुऱ्हाळातला गूळ तपासून दिलेला अहवाल, वरपासून खालपर्यंत इंग्रजीत. एका रकान्याच्या डोक्यावर शब्द आहे, रेसिड्यू.

गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं आम्हाला विचारलं, ह्याचा अर्थ काय. आम्ही सांगितलं, उरलेलं. तीस-पस्तीस हंगाम काहिलीपुढं काढलेला माणूस. त्यानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, "उरलं म्हंजे काय उरलं? मळी उरली, चिपाड उरलं, का राख उरली?"

या प्रश्नानंच आम्ही ही फिल्म करायला घेतली.

(दृश्य : चरकात ऊस. एका बाजूनं रसाची धार, दुसऱ्या बाजूनं चिपाडाचा ढीग.)

पहिलं उरतं ते चिपाड. चरकातून बाहेर पडतं तेव्हा ओलं, जड, माशा घोंगावणारं. अंगणात पसरून उन्हं दाखवली की कागदासारखं हलकं होतं. कालच्या उसाचं चिपाड आजच्या रसाखाली जळतं, त्यामुळं गुऱ्हाळाला लाकूड लागतं ते नावापुरतं. साखर कारखान्यात याच चिपाडाला बगॅस म्हणतात. तिथं त्यावर बॉयलर चालतो आणि विजेची निर्मितीही होते.

(दृश्य : कुटलेली भेंडीची खोडं पाण्यात. हातातून ओघळणारा बुळबुळीत चीक.)

ही भेंडी. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजत घातली की असा चीक सुटतो. हे पाणी रसात सोडायचं. रस तापायला लागला की त्यातली माती, उसाच्या सालीचे कण, हिरवा अंश, सगळं या चिकाला धरून वर येतं. थोडा चुना पडतो. रस फार उसळला तर एरंडेलाचे चार थेंब टाकतात, लगेच खाली बसतो.

(दृश्य : काहिलीवर काळपट फेस. लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो काढताना.)

ही मळी. गुळव्याचं सगळं कसब इथं लागतं. मळी घाईनं काढली तर अर्धी खालीच राहते. उशीर झाला तर उकळी तिला फोडते आणि ती परत रसात मिसळते. मग गूळ काळा पडतो, पावसाळ्यात पाझरतो. म्हणून तो जाळ कमी करायला सांगतो, थांबतो, फेसाला तडा जायच्या आत झारा घालतो. आम्ही तीन काहिली शूट केल्या. एकदाही त्यानं घड्याळाकडं बघितलं नाही.

मळी हा शब्द साखर कारखान्यात गेला की वेगळा होतो. तिथं साखरेचे दाणे बाजूला काढल्यावर मागं राहणारा काळा, दाट पाक म्हणजे मळी. त्यापासून स्पिरिट बनतं. मळीमिश्रित पाणी नदीत सुटलं की मासे मरतात, पंचगंगेकाठच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको.

(दृश्य : उकळणारी काहील. फुगे मोठे होत जातात. रंग हिरव्याचा सोनेरी.)

अडीच-तीन तास गेलेत. रसातलं पाणी वाफ होऊन चाललंय. काकवी करायची असती तर ती कधीच बाजूला काढली असती. गुळासाठी आणखी आटवावं लागतं, ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास. गुळव्याकडं थर्मामीटर नाही. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर मारतो. टण्ण वाजली की उतरवायची.

(दृश्य : दोन्ही बाजूंनी माणसं. काहील कलते. गूळ गार करायच्या वाफ्यात जाड धार.)

इथं जरा थांबू. रसायनशास्त्रात रेसिड्यूचा अर्थ नेमका आहे. द्रव आटवला, गाळला किंवा जाळला, की मागं भांड्यात राहतो तो रेसिड्यू. म्हणजे गुळव्याला तोच शब्द वापरून उत्तर द्यायचं झालं, तर वाफ्यात ओतला जातोय तो अख्खा गूळच रेसिड्यू आहे. १ टन उसातून चिपाड गेलं, मळी गेली, पाणी गेलं आणि शे-सव्वाशे किलो ऐवज राहिला. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ तो हाच.

आणि त्या कागदावर ज्याला रेसिड्यू म्हटलंय, ते गुळात राहायला नको होतं असं काहीतरी आहे. शब्द मात्र एकच.

(दृश्य : शिवाजी पूल, पंचगंगेचं संथ पाणी. घाटाच्या पायऱ्या.)

हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये रेसिदेरे असं क्रियापद आहे. बसून राहणं, मागं राहणं. सगळे उठून गेले तरी जो बसून आहे, तो. याच क्रियापदातून रेसिडेंट आला, म्हणजे राहणारा. संस्थानांच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यालाही रेसिडेंट म्हणत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, रेसिडेंट त्याआधीच गेले होते. रेसिडेन्सी क्लब हे नाव मात्र शहरात अजून बसून आहे.

मराठीतही उरणाऱ्या वस्तू बसतातच. गाळ बसतो. साका बसतो. पुराचं पाणी गेलं की भिंतीवर रेघ बसते.

(दृश्य : भिंतीवर पुराच्या पातळीची खूण. हात रेघेवर टेकतो.)

२०१९. आणि वर, ही २०२१.

(दृश्य : गुऱ्हाळ मालकाचं घर. स्वयंपाकघर. आजी तूप कढवताना.)

गुळव्याचा प्रश्न घेऊन आम्ही घरात आलो. आजींना म्हटलं, स्वयंपाक झाला की काय काय उरतं? त्यांना विचार करावा लागला नाही. तूप कढवलं की बेरी. भात लागला की तळाची खरवड. नारळाचं दूध काढलं की चोथा. दळणाचा कोंडा, तांदळाची कणी, लोण्यामागचं ताक. घाण्यावर शेंगतेल काढलं की पेंड. ताटात राहिलं तर खरकटं, आणि कुणी तोंड लावलेलं असलं तर उष्टं.

(दृश्य : बेरीत साखर घालून नातवाच्या हातावर.)

आणि यातला एकेक शब्द त्या वस्तूचं पुढं काय करायचं तेही सांगतो. बेरी पोराच्या हातावर पडते. पेंड म्हशीपुढं. खरकटं ताटातून बाजूला. या घरात कुणी पेंडीला उष्टं म्हणणार नाही.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका. शाळेची वही, भागाकार.)

वहीत मात्र एकच शब्द, बाकी. २३ ला ७ नं भागलं, भाग ३, बाकी २. इंग्रजी शाळेत या बाकीला रिमेंडर म्हणतात आणि पुढं वरच्या गणितात तिचाच रेसिड्यू होतो. काम साधं आहे. आज सोमवार असेल तर ३० दिवसांनी कुठला वार? ३० ला ७ नं भागा, बाकी २, म्हणजे बुधवार. आठवडे किती गेले याच्याशी देणंघेणं नाही, उरलं किती तेवढंच बघायचं. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्यात या बाकीला शेष म्हटलंय. प्रलयात सगळं बुडाल्यावर उरतो तो नागही शेषच.

दुकानदाराच्या खातेवहीत बाकी म्हणजे येणं. बँकेत शिल्लक म्हणजे आपलं. "किती बाकी आहे?" आणि "किती शिल्लक आहे?" या दोन प्रश्नांत एकाला घाम फुटतो, दुसऱ्याला धीर येतो.

(दृश्य : सीपीआर चौक, वर्दळ. काळे कोट.)

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. वकिलांच्या फायलींत रेसिड्यू आणखी एका अर्थानं येतो. समजा, मृत्युपत्रात मळा थोरल्याला दिला, दागिने लेकीला दिले. कर्ज फेडलं, अंत्यविधीचा खर्च वजा केला. यानंतर जे राहील ते इस्टेटीचं रेसिड्यू, आणि ते ज्याच्या नावे केलं तो त्याचा धनी. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात याची कलमं आहेत. मृत्युपत्र करणारे जाणते लोक शेवटी "बाकी सर्व मिळकत" अशी एक ओळ न चुकता घालून घेतात. ती ओळ राहिली, तर नाव न आलेल्या गुंठ्यासाठी दोन पिढ्या तारखा पडू शकतात.

राज्यघटनेतही हाच प्रकार. केंद्राचे विषय, राज्याचे विषय, दोघांचे विषय अशा तीन याद्या केल्या. जे कुठल्याच यादीत बसलं नाही, ते कलम २४८ नं संसदेला दिलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याला शेषाधिकार म्हणतात. आणि कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी आहे. त्या हिशेबात अंबाबाईचं हे करवीर, शाहू महाराजांचं हे शहर, उर्वरितात येतं.

(दृश्य : द्राक्षबाग, निर्यातीच्या पेट्या.)

शेजारी सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बागांमध्ये रेसिड्यू हा शब्द आता घरचा झालाय. फवारलेल्या औषधाचा फळात राहिलेला अंश. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे एका टन द्राक्षात १० मिलिग्रॅम. म्हणून कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे बागायतदाराला तोंडपाठ असतं. सरकारी मराठीत याला उर्वरित अंश म्हणतात, कुठं कुठं अवशेष म्हणतात. अवशेष म्हटलं की मला पन्हाळ्याची तटबंदी दिसते.

(दृश्य : शाहू मार्केट यार्ड. गुळाचे सौदे. पिवळ्या रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची रांग.)

गुळाच्या अहवालात काय होतं, ते आता सांगायला हवं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा व्यापार वाढला, आता सौदे यार्डात निघतात. रव्याचा दर ठरताना डोळा आधी रंगावर जातो. पिवळाधमक रवा पटकन उचलला जातो, तपकिरी मागं राहतो. तो पिवळा रंग येण्यासाठी काही ठिकाणी काहिलीत पावडर पडते. सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळावर तिला हायड्रॉस म्हणतात. मळी काढण्यात जे कसब लागतं, ते चुकलं तरी पावडर झाकून घेते. थोड्या दिवसांत रंग परत उतरतो आणि गंधकाचा अंश गुळात राहून जातो.

अहवालात रेसिड्यूच्या रकान्यात होता तो हा, सल्फर डायऑक्साइड.

(दृश्य : गुळव्या कागद हातात धरून. आवाज नाही.)

आम्ही त्याला हे सांगितलं. त्यानं विचारलं, "मग असं लिवत का न्हाईत? गुळात गंधक ऱ्हायलंय म्हणून?"

आमचं मागणं तेवढंच आहे. गूळ तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेनं, काहिलीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला वाचता येईल असा एक मराठी कागद सोबत द्यावा. रकान्याच्या डोक्यावर नुसतं उर्वरित, अवशिष्ट लिहून भागणार नाही. काय राहिलं, कशातून आलं, किती चालतं, किती आहे. या माणसाच्या भाषेत उरण्याचे वीस शब्द आहेत. त्याला नेमकं सांगितलं तर नेमकं कळतं. हायड्रॉसशिवाय, नुसत्या भेंडीवर गूळ करणारी गुऱ्हाळं आजही आहेत. त्यांचा तपकिरी रवा यार्डात दर मिळायची वाट बघतो.

(दृश्य : काहील रिकामी. कडेला चिकटलेला गूळ खुरप्यानं खरवडताना. पोरं चिपाडाच्या काड्या घेऊन गोळा.)

काहील धुवायच्या आधी ही खरवड पोरांची. काडीला गुंडाळून, फुंकर मारत.

(दृश्य : संध्याकाळ. ऊस तोडलेलं रान. सरीत पाचट.)

आणि हे रान. ऊस गेला. सरीत पाचट, उसाचा वाळला पाला, पसरलंय, गेल्या वर्षी याच बांधावर ते पेटवलेलं होतं. यंदा कुजवायचं ठरलंय. बुडखे जमिनीलगत छाटून घेतलेत. पाणी सोडलं की तीन आठवड्यांत त्यातून कोंब येतात, नवं बेणं लावावं लागत नाही. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यावर खोडवा. खोडवा तुटला की निडवा.

(दृश्य : बुडख्याच्या कडेनं वर आलेला एक कोंब. बोटाएवढा. मागं गुऱ्हाळाचं धुराडं, धूर अजून चालू.)

हा खोडव्याचा कोंब. परवा पाणी दिलंय.