पाठ कोरडी ठेव

उद्यमबाग, सकाळचे साडेनऊ. शेजारच्या शेडमधले लेथ सुरू झालेत. इथं बाकड्यावर एक इंजिन उलटं पडलंय. खानापूरहून येताना तेलाचा दिवा लागला, तरी मालकांनी गाडी हाकत बेळगाव गाठलं. बिगेनचे शेल बघा, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकवर (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसतो तिथलं बेअरिंग: वरचा राखाडी थर गेलाय, खालचं तांबं उघडं पडलंय.

शेल म्हणजे पोलादी पत्र्याच्या पाठीवर मऊ धातूचे थर. मऊ का? तेलातून बारीक कचरा आलाच, तर तो शेलमध्ये रुतावा, क्रँक ओरबाडू नये. आयझॅक बॅबिटनं १८३९ साली कथील, अँटिमनी आणि तांब्याचा असा धातू केला. विचार अजून तोच आहे.

दुकानात 'वीस' मागितले की शेल मिळतात. वीस म्हणजे ०.०२० इंच, जवळपास अर्धा मिलिमीटर. जर्नल (क्रँकचा शेल बसतो तो गोल भाग) तेवढं घासून बारीक झालं, तरच हे शेल. पण मेस्त्री अजून दुकानात गेलेलेच नाहीत. मायक्रोमीटर घेऊन एकच जर्नल उभं, आडवं, दोन्ही कडांना मोजतायत. लंबगोल निघालं. ग्राइंडिंगला पाठवायचं, आल्यावर पुन्हा मोजायचं.

चार दिवसांनी नवे शेल आले. पोरानं उत्साहानं तेलाची बाटली उचलली.

"मागं तेल कशाला लावालास? पाठ कोरडी ठेव," मेस्त्री म्हणाले.

तेल पुढच्या अंगाला, क्रँककडं. पाठ मात्र कनेक्टिंग रॉडला घट्ट चिकटायला हवी, उष्णता तिथूनही बाहेर जाते. शेलच्या कडा केसभर वर राहतात. कॅप (रॉडचं खालचं झाकण) आवळली की त्या दाबानं शेल जागेवर धरून राहतो. खाचेत बसणारा शेलच्या कडेचा छोटा कान त्याला अडवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. कान फक्त जागा दाखवतो. आणि वर आलेली कड कानशीनं घासणारे कारागीरही आहेत, काय बोलायचं!

आता जर्नल आणि शेलमधली फट. कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणारा) धागा, कॅप टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायची, क्रँक हलवायची नाही. उघडल्यावर धागा जितका पसरलेला, तितकी फट कमी. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ हा जुना हिशेब; मेस्त्री मात्र त्या इंजिनचं मॅन्युअल उघडतात.

कॅपांचे नंबर जुळवून, तेल लावून सगळं आवळलं. क्रँक हातानं फिरतेय. मेस्त्री तरी खूश नाहीत. दिवा लागला कशानं? चेंबरमधली (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतली) ऑइल पंपाची जाळी गाळानं गच्च भरलीय. ती धुवायला पोरगा डिझेलचा डबा शोधतोय.