एमसीबी म्हातारी होते का?

नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलाच आहे, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप 'पडून' लाईन तोडणारा तो खटका, आणि त्याच्याखाली ज्या कुणी खडूने हळूच 'भाग पहिला' असं लिहून ठेवलंय त्यांचे आभार, म्हणजे पुढच्या महिन्यातही चहा नक्की. अध्यक्षांनी दिलेला निम्मा वेळ सत्कारातच गेला, पण नारळ चांगला आहे त्यामुळे तक्रार नाही.

तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी किटकॅट फ्यूजचा जमाना बघितलाय. लाईट गेले की मेणबत्ती घेऊन मीटर रूममध्ये जायचं, मग शेजारचे कुणीतरी काका तार बांधून देणार, आणि बांधताना तारेचे दोन पदर जास्तच घालणार, का तर परत उडायला नको. फ्यूज गेले हो, पण ती 'परत उडायला नको' वाली वृत्ती गेली नाही, ती आता डीबीत, म्हणजे एमसीबी बसवतात त्या डब्यात, येऊन बसलीये.

माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीची गोष्ट सांगतो, दहिसरला. तिथे एक कॉन्ट्रॅक्टर आला आणि लिफ्टशेजारी नोटीस लागली की एमसीबीची मुदत 10 वर्षं असते, सगळ्यांनी बदलून घ्याव्यात, फ्लॅटमागे अमुक इतके रुपये, सेक्रेटरींकडे जमा करा. मुदत! जशी काय दुधाची पिशवीच. मी त्याला विचारलं, कुठल्या नियमात लिहिलंय दाखव, तर म्हणे काका, कंपनीच सांगते. कुठली कंपनी? तर त्यावर नुसतं हसला. आणि काय गंमत, मेव्हण्याचा त्रास खरा होता, मे महिन्यात एसीची एमसीबी रोज दुपारी पडायची. कॉन्ट्रॅक्टरने काय केलं, 16 अँपिअरची काढली आणि 32 ची बसवली. "आता पडणारच नाही काका!" बरोबर आहे, नाहीच पडणार. घर पेटलं तरी नाही पडणार.

हे हसण्यासारखं नाहीये बरं का. भिंतीतली वायर अडीच स्क्वेअर एमएमची, पाइपातून नेलेली, म्हणजे साधारण वीस-बावीस अँपिअर झेपणारी. 32 ची एमसीबी 36 अँपिअरवर तासभर पडली नाही तरी ती स्टँडर्डप्रमाणे पास, आणि 46 अँपिअर वाहिले तरी पडायला तिला तासाभराची मुभा आहे. तोवर ती वायर आत शिजते. एमसीबी ही वायरसाठी असते, एसीसाठी नाही, हे मी गेली कित्येक वर्षं ओरडतोय आणि माझ्या घरातले सोडून सगळे ऐकतात.

मग डीबी उघडून बघितली. जुन्या एमसीबीला काही झालंच नव्हतं, टर्मिनलचा स्क्रू ढिला होता आणि वायरचं टोक काळं पडलेलं. ढिला स्क्रू तापतो, ती उष्णता आतल्या बायमेटल पट्टीला, म्हणजे तापली की वाकणाऱ्या पट्टीला, लागते, पट्टीला वाटतं लोड वाढला आणि ती पाडते. त्यात आपल्याकडचा मे महिना. एमसीबीचं माप 30 डिग्रीला धरलेलं असतं आणि आपली डीबी कुठे, तर किचनच्या दाराच्या वर, बंद डब्यात, शेजारी आणखी चार गरम एमसीबी. थोडी लवकर पडणारच. स्क्रू आवळायचा, जळलेलं टोक कापून नवीन करायचं, काम संपलं. फक्त मेन बंद करून, आणि स्वतः नाही, लायसनवाला वायरमन बोलवा. समोर दोन जण आत्ताच खिशातला टेस्टर चाचपताना दिसले.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, ज्याच्यासाठी बोलावलं ते राहिलंच.

पटकन सांगतो. झिजते का? हो, पण वर्षांनी नाही, कामाने झिजते. स्टँडर्डप्रमाणे तिला पूर्ण लोडवर 4000 वेळा चालू-बंद होऊन दाखवावं लागतं. घरात कोण एवढं करतंय, पण आपले दुकानदार रोज रात्री एमसीबीनेच दुकान बंद करतात, त्यांचा हिशोब होतो 11 वर्षं. स्विच लावा रे बाबांनो. दुसरं, शॉर्ट सर्किट. एमसीबीवर चौकोनात 6000 किंवा 10000 लिहिलेलं असतं, तितक्या अँपिअरचा शॉर्ट ती तोडू शकते, पण पूर्ण ताकदीचा असा दोन-तीनदाच. आतल्या कॉन्टॅक्टवर ठिणगीने खड्डे पडतात. मोठा धडाका झाला असेल, वास आला असेल, बॉडी पिवळी-तपकिरी पडली असेल, खटका मऊ लागत असेल किंवा वर राहत नसेल, तर बदला, त्याच अँपिअरची आणि त्याच कर्व्हची, म्हणजे किती मोठ्या झटक्याला लगेच पडायचं तो बी, सी असा प्रकार. वर्सोवा, वरळी कोळीवाडा अशा खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, तिथे दरवर्षी एकदा डीबी उघडून बघून घ्या.

आणि उगाच पडणारी एमसीबी त्रास देते म्हणून कळते तरी. जी पडायची वेळ आली तरी पडत नाही ती गप्प असते, आणि आपण कौतुक करतो, काय क्वालिटी आहे, वीस वर्षांत एकदा पडली नाही! वर्षानुवर्षं हललीच नाही तर आतली यंत्रणा अडकू शकते, म्हणून वर्षातून एक-दोनदा लोड बंद करून खटका खालीवर करा. आणि खटक्याला सेलोटेप लावून वर धरणाऱ्यांनो, खटका धरला तरी चांगली एमसीबी आतून सुटतेच, टेप वाया.

शेवटचं, आरसीसीबी, ती रुंद असते, 30 मिलिअँपिअर करंट गळला की पडणारी, शॉकपासून वाचवणारी. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण आहे ते सजावटीला नाही, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडली नाही तर त्याच दिवशी बदला, तिथे वय-बिय बघत बसू नका. फक्त दाबायच्या आधी घरात विचारा कुणाची ऑफिसची मीटिंग चालू आहे का, नाहीतर सून महिनाभर बोलत नाही.

हो, उठतो, अध्यक्ष उभे राहिलेच आहेत. अर्थिंगचा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनी चहाच्या टेबलाशी भेटा.