आय, एफ, जे, आय... म्हणजे परिपत्रक

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर बोलायला मला आवडतं. इथे तुम्हाला मी दिसत नाही आणि मला तर कोणीच दिसत नाही, त्यामुळे फिट्टंफाट. मी जन्मापासून अंध आहे. भाषांतराची कामं करते, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास वर्ड प्रोसेसरपुढे, म्हणजे टायपिंगच्या प्रोग्रॅमपुढे जातात. पडद्यावरचं मला स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर बोलून दाखवतं.

मागे एका कार्यालयाकडून मला मेलवर एक फाइल आली. उघडली, तर स्क्रीन रीडर पहिल्याच शब्दाला अडखळला. अक्षर अक्षर ऐकत गेले : आय, एफ, जे, आय, इक्वल्स, डी. खाली पानभर असलाच मंत्रोच्चार. फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय!"

दिसत असणारच. घोटाळा तिथेच आहे.

पुष्कळांना वाटतं की स्क्रीन रीडर पडद्याकडे बघून वाचतो. पण त्याला कुठले डोळे? तो टायपिंगच्या प्रोग्रॅमला सारखे प्रश्न विचारत असतो. कर्सर कुठे आहे? तिथे कोणता शब्द आहे? तो ठळक आहे का? स्पेलिंग चुकलं की तुम्हाला खाली तांबडी नागमोडी रेघ दिसते. माझ्यापर्यंत ती पोचायची तर "हा शब्द चुकलाय" असं प्रोग्रॅमनं सांगायला हवं. त्यानं सांगितलं, तर मला कळतं. तो गप्प राहिला, तर माझ्या लेखी ती रेघ नाहीच.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या जमान्यात हे सोपं होतं. पडद्यावर 25 ओळी, एका ओळीत 80 अक्षरं, आणि ती सगळी मेमरीत अक्षरं म्हणूनच ठेवलेली. तिथून उचलायची आणि बोलायची. अमेरिकेत टेड हेंटर नावाचे मोटरसायकल शर्यतपटू होते. 1978 साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्यांच्या कंपनीनं 1989 मध्ये डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर काढला. मग विंडोज आलं आणि पडदा म्हणजे नुसतं चित्र झालं. चित्रातल्या ठिपक्यांना काय विचारणार? तेव्हाच्या स्क्रीन रीडरनी एक चोरवाट काढली. "इथे हे अक्षर काढ" असे जे हुकूम प्रोग्रॅम विंडोजला देई, ते मधल्या मध्ये ऐकायचे आणि पडद्याची आपली वेगळी नक्कल बाळगायची. भिंतीला कान लावून संसार करण्यातला प्रकार! प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ऐकू येणारं बंद होण्याची धास्ती. म्हणून प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं द्यायचं, याचे रीतसर नियम हळूहळू ठरत गेले.

या नियमांचं मोल सगळ्यांना कळलं ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. 2005 साली तिथल्या राज्य सरकारनं ठरवलं की 1 जानेवारी 2007 पासून सरकारी दस्तऐवज ओपन डॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवायचे. हेतू चांगलाच होता. सरकारी कागद एकाच कंपनीच्या कुलपात का असावेत? पण विरोधाला उभे राहिले कोण, तर अपंगांच्या संघटना. कारण हे स्वरूप हाताळणाऱ्या ओपनऑफिस या प्रोग्रॅमचं त्या वेळच्या स्क्रीन रीडरशी धड जमत नव्हतं. विंडोजवर त्याला मध्ये जावा नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एक पूल लागायचा आणि तो पूल कायम डगमगता. म्हणजे दस्तऐवज सर्वांना खुला, फक्त अंध कर्मचाऱ्याला बंद.

काहींनी तेव्हा या संघटनांना बड्या कंपनीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, हातातलं बाहुलं म्हटलं. मला ते पटत नाही. उद्यापासून तुमच्या ऑफिसात तुम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत काम सुरू झालं, तर तुम्ही गप्प बसाल? त्या आरडाओरड्याचं फळ मात्र चांगलं निघालं. 2006 च्या डिसेंबरात आयबीएमनं 'आयअ‍ॅक्सेसिबल2' नावाची प्रश्नोत्तरांची पद्धत सर्वांसाठी खुली केली. 2007 च्या फेब्रुवारीत ओपन डॉक्युमेंटची 1.1 ही आवृत्ती आली, तिच्यात अपंगांच्या सोयीच्या सुधारणा होत्या. ओपनऑफिसचा धाकटा भाऊ लिब्रेऑफिस 2014 मध्ये विंडोजवर ही पद्धत बोलायला लागला. वाट बघायला लागली, पण डगमगत्या पुलावरून जाणं संपलं.

त्याच 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला, कारण बाजारातल्यांच्या किमती परवडण्यासारख्या नव्हत्या. जेम्स टे हा त्याचा मित्र, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. तो 'एनव्हीडीए' आज फुकट मिळतो, पेन ड्राइव्हवरूनही चालतो. मीही तोच वापरते.

आता आपल्याकडचं. कृतिदेवसारखे जुने फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे आहेत. पडद्यावर दिसतो प, आत साठवलेला असतो आय. दिसतो त्र, आत असतं बरोबरचं चिन्ह. स्क्रीन रीडरनं विचारलं की प्रोग्रॅम इमानेइतबारे सांगतो, आय. यात त्या बिचाऱ्याची काय चूक? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, प हा आतूनही पच असतो. टायपिंगही अवघड नाही. भारतीय लिपींसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर उजव्या तर्जनीखाली, उंचवट्याच्या बटणावर र असतो. तिथे बोट ठेवलं की पुढची अक्षरं न बघता सापडतात. मी तशीच शिकले.

दुसरं दुखणं शीर्षकांचं. अक्षरं मोठी आणि ठळक केली की झालं शीर्षक, असं बहुतेकांना वाटतं. वर्डमध्ये त्या ओळीवर कंट्रोल, ऑल्ट आणि 1 एकत्र दाबा. मग प्रोग्रॅमला कळतं की हे शीर्षक आहे, आणि पन्नास पानांच्या अहवालात मला एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. तसंच पुढच्या पानावर जायला वीस वेळा एंटर मारू नका हो! मी बाणाचं बटण दाबत खाली जाते आणि प्रत्येक रिकाम्या ओळीला कानात पडतं, ब्लँक. ब्लँक. ब्लँक. कंट्रोल धरून एकदाच एंटर मारा, नवं पान हजर.

त्या कार्यालयातल्या गृहस्थांना मी हे फोनवर सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी फाइल परत आली, युनिकोडमध्ये. उघडली, आणि स्क्रीन रीडर स्वच्छ मराठीत म्हणाला, "परिपत्रक".

मी खूश होऊन खालचा बाण दाबला. ब्लँक. ब्लँक. ब्लँक. ब्लँक...

नमस्कार.