गोळा येतो तो कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

दोनेक वर्षांपूर्वी एक काका दवाखान्यात आले. वय पंचावन्नच्या आसपास, काखोटीला एमआरआयचं भलंमोठं पाकीट. बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, माझी गादी सरकलीय."

मी विचारलं, "दुखतंय काय?"

"उजवा पाय."

"आणि कंबर?"

"कंबर नाही दुखत."

मग पाकीट बाजूला ठेवलं आणि त्यांना बोलू दिलं. घरून शेताच्या बांधापर्यंत चालत गेलं की पोटरीत गोळा यायचा. नुसतं उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जायचा. पुन्हा चालायला लागलं की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा. तब्बल दीड वर्ष ते कमरेचे पट्टे बांधत होते, इंजेक्शनं घेत होते. या काळात त्यांना कुणी चप्पल काढायला सांगितलंच नव्हतं.

मी सांगितली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गार लागलं. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, एक नाडी बोटाला लागते. काही धडधाकट माणसांतही ती सापडत नाही, म्हणून घोट्यामागचीही पाहिली. दोन्ही लागेनात. घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागलं, की उत्तर एकच्या आसपास यायला हवं. 0.9 किंवा त्याहून कमी आलं, तर पायाला रक्त पुरवणारी रोहिणी अरुंद झालीय असं समजतात. काकांचं आलं 0.6. शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल होतंच.

मग एमआरआय खोटा होता का? नाही, गादी खरंच थोडी फुगलेली होती. पण 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत फुगलेली गादी सापडली. पाठीतली गादीही केसांसारखी वयाने पिकते. फोटोत दिसलेली गोष्ट आणि माणसाचं दुखणं यांची सांगड बसते का, ते तपासावंच लागतं.

आता हेच दुखणं मणक्याचं असतं तर? मणक्यातली नळी अरुंद झाली की चालताना पाय भरून येतात, जड होतात, पण नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं बाजारात शंभर पावलांवर कट्टा शोधतात आणि सायकल मात्र मजेत चालवतात. डॉक्टरांना हे सायकलचं जरूर सांगा.

तिसरी तऱ्हा नसांची, रात्रीची. तळपायांची आग, मुंग्या, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटणं. मधुमेह असेल तर मी हमखास विचारतो, "चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का?" पुष्कळांना कळत नाही आणि आपल्याला कळत नाही हेही त्या प्रश्नानंतरच उमगतं. त्यात मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल, आहार शाकाहारी असेल, तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यायलाच हवं. ती कमतरता भरून काढता येते, पण वेळेत.

या सगळ्यांवर आपल्याकडे एकच उपाय चालतो, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक नावाचं असंच वेदनाशामक औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपल्या देशातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. जनावरांसाठी त्यावर 2006 साली बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, हे खरं, पण वयस्कर, मधुमेही माणसाने ती गोळी महिनोन्महिने खाल्ली तर मूत्रपिंडाला धोका आहेच. आणि नसांच्या आगीवर तिचा फारसा उपयोगही होत नाही, त्याची औषधं वेगळी असतात.

काही दुखण्यांत मात्र वाट पाहून चालत नाही. पाय अचानक गार, पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर तासाचाही उशीर करू नका. पायदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: कुठे दुखतं, किती चालल्यावर, कशाने थांबतं, रात्री उठवतं का. तंबाखू लपवू नका. आणि नाडी पाहिली नाही, तर "पायाची नाडी बघता का?" असं खुशाल विचारा. राग येणार नाही. आला तर दुसरे डॉक्टर आहेत.

काकांचे उपचार तसे साधे. रक्त पातळ राहण्याची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, बिडी बंद आणि चालणं. चालायचं ते गोळा येईपर्यंत, मग थांबायचं, गेला की पुन्हा निघायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा. बिडी दोनदा सुटली, दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सुटली ती अजून तरी सुटलेलीच आहे. परवा आले होते, पाकीट न घेता. म्हणाले, "गोळा येतो अजून. पण आता बांधावर नाही, पार विहिरीपाशी."

नमस्कार.