माशाला सरासरी कळत नाही

माझ्या भाषणाचा विषय जाहीर झालाय तो 'खाडीतली क्षारता आणि माशांची वाढ व प्रजनन'. पण मी सुरुवात एका आकड्यापासून करणार, कारण तो माझ्या डोक्यातून इतकी वर्षं गेलेला नाही. तो आकडा म्हणजे 15.

मी नवखा होतो, एका अहवालासाठी पाण्याचे नमुने काढायचं काम माझ्याकडे होतं. वजन बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाला टेकली की त्या दोरीला हिसका द्यायचा, बूच सुटतं, बुडबुडे वर येतात, ते थांबले की ओढून घ्यायची. मग एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे क्षारता मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीच्या, काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, निळं आणि पांढरं जिथे भेटतं तो तुमचा आकडा. ओहोटीला वरचं पाणी 2, म्हणजे किलोभर पाण्यात 2 ग्रॅम मीठ, आणि त्याच जागी भरतीला 28. बरं, वर 2 असतं तेव्हा तळाशी 19! गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे निघालेलं आणि खारं पाणी खालून पाचरीसारखं आत घुसलेलं. घरी करून बघा, काचेच्या ग्लासात गोडं पाणी घ्या आणि कडेकडेने मिठाचं पाणी हळू सोडा, उन्हात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना तशा रेघा दिसतात. मी आजही बघत बसतो.

तर एवढे नमुने काढले आणि छापून काय आलं? सरासरी क्षारता 15, बास! अहो, 15 हा आकडा तिथे दिवसातून चारदा येतो, भरती चढताना आणि उतरताना, आणि लगेच निघूनही जातो. त्या आकड्यावर कुठल्या माशाचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडायचं ते ठरलं, टाकीत 15 वर ते झकास वाढलं होतं, खाडीत सोडलं आणि पुढे त्यातलं फार थोडं हाती लागलं. मला त्याचा राग आजही आहे, कारण वरचे, तळाचे, भरतीचे, ओहोटीचे सगळे आकडे कागदावर होते.

आता माशाच्या बाजूने बघा. समुद्र साधारण 35, आणि बहुतेक हाडाच्या माशांच्या रक्तातलं मीठ त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. गोड्या पाण्यात त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं, म्हणून तो भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यातून मीठ ओढून घेतो. समुद्रात उलटं, अंगातलं पाणी बाहेर जातं, म्हणून तो चक्क समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यातल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. खाडीतल्या माशाला ही यंत्रणा भरतीबरोबर फिरवावी लागते. त्याला ऊर्जा लागते, आणि ती त्याच खाण्यातून येते ज्यातून वाढ व्हायची असते. म्हणून बऱ्याच जातींची वाढ 8 ते 20 च्या दरम्यान चांगली दिसते. ममिचोग नावाचा छोटा मासा तर गोड्या पाण्यापासून समुद्राच्या तिप्पट खारटपणापर्यंत तग धरतो, 1973 मध्ये स्कायलॅबवर अंतराळातही जाऊन आलाय. पण तग धरणं वेगळं आणि वाढणं वेगळं, हा फरक सोडू नका.

सेनेगलमधल्या सालूम खाडीत हे डोळ्यांनी दिसतं. ती उलटी खाडी आहे, नदीचं पाणी जवळजवळ येतच नाही, ऊन पाणी उडवून नेतं, त्यामुळे जितकं आत जाल तितकं खारट, वरच्या टोकाला 100 च्याही वर. तिथे काळ्या हनुवटीचा तिलापिया राहतो. त्याच्यात अंडी बाप तोंडात धरून सांभाळतो, मला हा मासा फार आवडतो. खालच्या बाजूला तो नीट वाढतो, वर मात्र खुरटा राहतो आणि लहान आकारातच वयात येतो. म्हणजे वाढ आणि प्रजनन असे दोन वेगळे धडे नाहीतच...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि प्रजनन तर अजून राहिलंय! भराभर सांगतो.

समुद्री माशाचे शुक्राणू अंगात असेपर्यंत गप्प असतात, खारं पाणी लागलं की पोहायला लागतात, तेही थोडाच वेळ. बाल्टिक समुद्रात पाणी निमखारं, तिथल्या कॉड माशाच्या शुक्राणूंना साधारण 11 तरी क्षारता लागते आणि अंडी तरंगायला 14 च्या आसपास. ती मिळते फक्त खोलवर, आणि खोलवर प्राणवायू कमी, म्हणजे अंडं बुडालं तरी मेलं. तिथेच लेप्यासारख्या चपट्या फ्लाउंडरची एक जात कमी खारट पाण्यात तळाला बसणारी अंडी घालते, ती 2018 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदली गेली.

आणि जिताडा. आधी नर, मोठा झाला की मादी. अंडी नदीच्या मुखाशी, 28 ते 35 च्या खाऱ्या पाण्यात, पिल्लं भरतीबरोबर आत येऊन पार गोड्या पाणथळीत वाढतात आणि मोठी झाली की परत खाली. अहवालातल्या त्या 15 वर जिताडा आयुष्यात कितीदा थांबतो? जाता-येता, एवढंच.