करार झाल्यावर भाव फिरला तर? फ्रान्सचं कलम ११९५ आणि आपलं कलम ५६

नमस्कार मंडळी. समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका छोट्या फॅब्रिकेटरने वर्षभराच्या मालाचा दर आज बांधून दिला. दोन महिन्यांत लोखंडाचा भाव असा चढला, की प्रत्येक गाडीमागे तो पदरचे पैसे घालतोय. समोरची कंपनी म्हणते, 'पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सही तुमचीच आहे ना?' आता कायदा काय म्हणतो?

आधी फ्रान्सचं बघू. तिथली दिवाणी संहिता १८०४ ची. रीतसर झालेला करार म्हणजे त्या दोघांपुरता कायदाच, असं तिचं म्हणणं. हे किती कडकपणे पाळलं गेलं, ते क्रापोन कालव्याच्या खटल्यात दिसतं. सोळाव्या शतकात बागाईतीला पाणी द्यायचा करार झाला आणि पाणीपट्टी ठरली तीन सू (सू म्हणजे तिथलं जुनं नाणं). तीनशे वर्षांनीही तीच! कालव्याची डागडुजीसुद्धा त्यातून भागेना. खालच्या कोर्टाने पट्टी वाढवून दिली, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली. काळ कितीही बदलो, करारातला आकडा न्यायाधीशाने बदलायचा नाही.

हे बदलायला २०१६ उजाडलं. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून कलम ११९५ लागू झालं. करार करताना कल्पनाही करता येणार नाही अशी परिस्थिती आली, काम भयंकर महाग पडू लागलं आणि तो धोका तुम्ही स्वतःहून पत्करलेला नसेल, तर पुन्हा बोलणीला बसा असं म्हणता येतं. बोलणी चालू असताना काम मात्र थांबवायचं नाही. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे कुणी समोरच्याला अडवून धरू शकत नाही. बोलणी फिसकटली, तर शेवटी न्यायाधीश करार बदलू शकतो किंवा संपवू शकतो. एक मेख आहे: दोघांनी ठरवून हे कलम करारातून वगळता येतं.

आपला करार कायदा १८७२ चा. त्यातलं कलम ५६ अशक्य झालेल्या कामाबद्दल आहे. १९५३ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात सुप्रीम कोर्टाने 'अशक्य'चा अर्थ थोडा सैल केला. पण १९६० च्या अलोपी प्रसाद खटल्यात, म्हणजे लष्कराच्या तूपखरेदीच्या प्रकरणात, नुसती परिस्थिती पालटली म्हणून ठरलेला मोबदला वाढवून मिळाला नाही. महाग पडणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. आपल्या फॅब्रिकेटरलाही हेच ऐकावं लागेल.

माझं स्पष्ट मत आहे, ११९५ सारखं कलम आपल्याकडे हवं. छोट्या पुरवठादाराला वाटाघाटीला बसायचा हक्क तरी मिळेल.

तोवर दरवाढीचं कलम स्वतःच लिहून घ्या. कोणत्या मालाचा, कुठला भाव धरायचा? किती टक्क्यांच्या वर गेला की दर बदलणार? किती दिवसांत बोलणी संपवायची? आणि वाद झालाच तर तो नागपुरातच चालेल, हेही सही करायच्या आधी त्याच कागदावर घ्या.