वार, नाळ आणि अपरा

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी ‘अपरा’ या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. हा शब्द ऐकताच आपल्याकडच्या वारकरी घरांतील ज्येष्ठांना वैशाख वद्यातील अपरा एकादशी आठवेल आणि गीता वाचणाऱ्यांना परा व अपरा प्रकृती आठवेल. शरीरशास्त्रातील अपरा या दोन्हींहून निराळी आहे. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला धरून वाढणारा, आईच्या रक्तातील प्राणवायू व पोषण बाळाकडे पोहोचवणारा आणि प्रसूतीत बाळापाठोपाठ बाहेर पडणारा जो अवयव, त्याला चरकसंहितेच्या शारीरस्थानातही अपराच म्हटले आहे. दवाखान्यात त्याला प्लॅसेंटा म्हणतात आणि आपल्या घराघरांत त्याचे नाव आहे वार.

प्लॅसेंटा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चपटी, गोल पोळीसारखी केक असा आहे. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ रिआल्दो कोलंबो यांच्या 1559 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो या अवयवासाठी आला आणि रूढ झाला. नाव आकारावरून पडले आहे, हे वार हातात घेतल्यावर पटते. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार सुमारे 20 ते 22 सेंटिमीटर रुंद, मध्यभागी दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि साधारण अर्धा किलो वजनाची असते. धुळ्यात परिचारिकांच्या वर्गाला शिकवताना मी तिच्या दोन्ही बाजू उलटून दाखवत असे. बाळाकडची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असते व तिच्यावर रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या दिसतात. आईकडची बाजू गडद लाल असून तिच्यावर पंधरा-वीस उंचवटे असतात. ते सगळे जागेवर आहेत की एखादा तुकडा आत राहिला, हे सुईणीने व परिचारिकेने बारकाईने पाहायचे असते, कारण आत राहिलेला लहानसा तुकडाही बाळंतिणीला जबर रक्तस्राव घडवू शकतो.

नाळ मात्र वेगळी. वार आणि बाळाची बेंबी यांना जोडणारी, सुमारे 50 सेंटिमीटर लांबीची दोरी म्हणजे नाळ; तिच्यात दोन रोहिणी आणि एक नीला असते. मातीशी नाळ जोडलेली आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, त्यामुळे हा शब्द सर्वांच्या ओठांवर असतो, आणि त्याच ओघात वारेलाही नाळ म्हटले जाते. शेतकरी इतका घोळ करत नाही. गाय व्यायली की तो जार, म्हणजे गाईची वार, पडला का, हे आधी विचारतो आणि जार अडकला तर डॉक्टरांना बोलावतो. गोठ्यातली ही दक्षता घरातल्या सुनेच्या वाट्यालाही यावी, असे मला फार वाटते.

असे म्हणण्यामागे एक अनुभव आहे. शिरपूर तालुक्यातील एका गर्भवतीच्या सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडावर आल्याचे दिसले होते. तपासणीच्या ठिकाणी कोणीतरी घाईत ‘नाळ खाली आहे’ एवढेच सांगितले. घरच्यांनी त्याचा अर्थ बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा असेल असा लावला आणि तो सुटेल म्हणून वाट पाहिली. आठव्या महिन्यात पोटात काही न दुखता एकाएकी रक्त जाऊ लागले, तेव्हा दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असे समजून अर्धा दिवस गेला. गाडी मिळाली आणि शस्त्रक्रिया झाली म्हणून माय-लेक सुखरूप राहिले. वार तोंडावर असताना असाच न दुखता रक्तस्राव होतो, हे त्या घराला योग्य शब्दात कोणी सांगितले असते, तर तो अर्धा दिवस वाया गेला नसता.

वनस्पतिशास्त्रातही प्लॅसेंटा आहे. फळात बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या भागाला तेच नाव दिलेले आहे. नंदुरबारची लाल मिरची उभी चिरून पाहा. आतल्या ज्या पांढुरक्या भागाला बिया लटकतात, तोच हा भाग, आणि मिरचीचा खरा तिखटपणा बियांत नसून मुख्यतः त्यातच असतो. मुलांना हा शब्द शिकवायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

शब्द अपरा वापरावा की वार, असे मला विद्यार्थिनी विचारत. माझे मत असे की पुस्तकात अपरा लिहावे, पण गर्भवतीशी आणि तिच्या सासूशी बोलताना वार हाच शब्द वापरावा, कारण तो नेमका आहे आणि त्यांना कळतो. सोनोग्राफीचा कागद हाती आला की श्रोत्यांनी डॉक्टरांना विचारावे, वार कुठे आहे, तोंडापासून किती दूर आहे? पाचव्या महिन्यात ती खाली दिसली तरी गर्भाशय वाढते तसतशी बहुतेकींची वार तोंडापासून दूर जाते. म्हणून पुन्हा कधी तपासायचे, हेही विचारून घ्यावे. वार पुढच्या भिंतीला असली तर मुलगा आणि मागच्या भिंतीला असली तर मुलगी, असे जे बोलले जाते त्याला कसलाही आधार नाही.